प्रकल्प नोंदी: डोंबिवली–दादर आणि हरवलेला तंबोरा

३ जून २०२४, सोमवार

नवी वही. काम: लोकलमध्ये रोज गाणं ऐकायला कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन शोधणे. बजेट दहा हजार. मुदत दिवाळी. ऑफिसात प्रत्येक कामाची वही ठेवायची सवय आहे, म्हणून याचीही.

निमित्त शनिवारचा गाण्याचा क्लास. गेल्या आठवड्यात बाईंनी एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं, "रोज ऐक" म्हणाल्या होत्या. मी रोज दोनदा ऐकलं, जाताना आणि येताना. शनिवारी त्यांनी एवढंच विचारलं, "काय गं, दुसरा तंबोरा कशात लावलाय? पंचमात की निषादात?" म्हणजे त्याची पहिली तार प ला मिळवलीय की नि ला. मला सांगता येईना. गायक ऐकला होता, तबल्याची चाट ऐकली होती, हार्मोनियमही. तंबोरे दोन आहेत हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. बाई रागावल्या नाहीत. नुसतं माझ्या फोनकडे पाहिलं.

४ जून

आज मतमोजणी. डब्यात निम्म्या फोनांवर बातम्या, त्याही इअरफोनशिवाय. त्यांची मोजणी झाली, माझी रद्द.

५ जून

आधारासाठी आकडे. माझ्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. इअरफोन जुनेच, फोनसोबत आलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे. रात्री घरी पायरी ४ पुरते. डोंबिवलीच्या फलाटावर ९. गाडीत १२. कळवा सोडून ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर गाडी आली की १३, आणि तरी तंबोरा नाही. पुलावर तर मला माझे विचारही ऐकू येत नाहीत.

७ जून, शुक्रवार

खिडकी मिळाली, त्यामुळे वहीत लिहिता आलं.

मैफलीतल्या गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी). म्हणजे तंबोऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) १३८-१३९ हर्ट्झवर आणि खर्ज (शेवटची, खालच्या सा ची तार) त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ च्या आसपास. चाकांची घरघर, डब्याचा हादरा, डोक्यावरच्या पंख्यांचा घुमारा, या सगळ्यांची वस्ती साधारण याच तळमजल्यावर. एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं, त्यातलं एक फार भांडकुदळ.

इथे एक गंमत आहे. फोनच्या टीचभर स्पीकरवर ६९ हर्ट्झ जवळजवळ वाजतच नाही, तरी तिथे खर्ज कळतो. कारण मूळ सूर गैरहजर असला तरी त्याच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांवरून, म्हणजे स्वरांशांवरून, मेंदू तो पुरा करून घेतो. जवारी लावलेल्या (घोडीवर तारेखाली सूत सरकवून झणकार आणलेल्या) तंबोऱ्यात तर स्वरांशांचीच रेलचेल. मग लोकलमध्ये का कळत नाही? कारण खालच्या पट्टीतला दणदणीत आवाज आपल्या शेजाऱ्यांना झाकतोच, शिवाय वरच्या मजल्यांनाही दाबतो. वरचा आवाज खालच्याला तितका दाबू शकत नाही. म्हणजे गाडीची घरघर खर्ज तर खातेच, ज्या स्वरांशांवरून तो ओळखायचा त्यांतलेही बरेच खाते.

उपाय दोन. एक, आवाज वाढवणे, जे मी दहा वर्षं करत आले. त्याचा हिशेब आज पहिल्यांदा मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकलं तर चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. माझा प्रवास आठवड्याला साधारण दहा तासांचा, म्हणजे माझी मर्यादा ८६. फोनवरच्या ॲपने आज डब्यातला नुसता गोंगाटच ८० ते ८८ दाखवला (ॲपच्या आकड्याला फार मान देऊ नये, पण अंदाज येतो). त्याच्या वर चढून गायचं तर गाण्याला मर्यादा ओलांडावीच लागणार.

दुसरा उपाय गोंगाट कानाबाहेर ठेवणे. उद्दिष्ट असं लिहिते: चालत्या गाडीत, पायरी ६ वर, दोन्ही तंबोरे ऐकू आले पाहिजेत. बाकी बास-ट्रेबल, कंपनी, रंग, सगळं नंतर.

१२ जून

भाच्याचे वायर नसलेले, गोंगाट रद्द करणारे इअरफोन आणले. "मावशी, एक हरवलास तर दुसरापण तूच ठेव," या अटीवर.

काय सांगू, पहिल्या क्षणी घरघर अशी विरघळली की गाडी थांबली असं वाटून मी बाहेर बघितलं. बाहेरच्या माइकने आवाज पकडायचा, त्याची उलटी लाट आत सोडायची, दोन्ही एकमेकांना खातात. लांब, सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर ही युक्ती उत्तम चालते, आणि माझा शत्रू नेमका तोच. पायरी ७ वर खर्ज आला. मग मी वही का मिटली नाही?

एक म्हणजे वरच्या पट्टीतलं सगळं तसंच आत येतं. माणसांची बोलणी, क्लिपा विकणारीची हाक, ब्रेकची किंकाळी. उलटी लाट तिथे तितकी वेळेवर पोचत नाही. तिथे अडवायला शेवटी रबरच लागतं. दुसरं, दाराजवळ उभं राहिलं की वारा माइकवर आपटतो आणि कानात फडफड सुरू होते. मला महिन्यातले निम्मे दिवस दारच मिळतं. तिसरं ठाण्याला कळलं. चढणाऱ्या बाईची पर्स माझ्या कानाला लागली आणि डावा इअरफोन निसटून माझ्याच ओढणीत अडकला. ओढणी नसती तर भाच्याला दुसरा देऊन टाकावा लागला असता.

शिवाय बॅटरी. संध्याकाळच्या परतीला गाणं नसेल तर तो प्रवास मला झेपत नाही.

तर वायरवाले. आणि आवाज अडवायचा तो वीज वापरून नाही, बूच मारून.

१५ जून, शनिवार

क्लासनंतर थोडं वाचन. कानात बूच मारून ऐकण्याची ही कल्पना संगीतप्रेमींची नव्हेच, श्रवणशास्त्रवाल्यांची. मीड किलियन या अमेरिकी अभियंत्याने १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. नावाचा अर्थच 'कानाशी प्रामाणिक'. त्यांचा ईआर-४ हा इअरफोन १९९१ चा, आणि त्याचं तीन छत्र्यांचं रबर आजही तसंच आहे. स्टेजवरच्या गायक-वादकांसाठी कानाच्या साच्याचे इअरफोन पुढे आले. त्यात नाव झालेली अल्टिमेट इअर्स ही कंपनी १९९५ ची. ड्रमच्या शेजारी उभं राहून स्वतःचा आवाज ऐकू यावा, ही त्यांची अडचण. माझ्या शेजारी ड्रमऐवजी मध्य रेल्वे.

आणखी एक समजलं ते असं. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब, आणि उघडी असताना ती अडीच-तीन हजार हर्ट्झच्या भागाला आपोआप उठाव देते. बासरीसारखंच. बूच मारलं की ती बासरी मोडते. म्हणून चांगला इअरफोन तो उठाव स्वतःच्या आवाजात मिसळून देतो. इअरफोनच्या आवाजाच्या आलेखातला तो उंचवटा मला आधी दोष वाटला होता.

१९ जून

पहिली खरेदी: दोन हजारांच्या आतला, एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा (आत थरथरून आवाज काढणारा पडदा), धातूच्या खोक्याचा. सोबत सिलिकॉनची तीन मापांची रबरं. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं जाईल असं वाटत नाही.

घरी ऐकताना स्वच्छ, सुरेख. गाडीत पायरी १०. हे काय? रबर बदललं, मोठं घातलं, कान दुखला. खोकं उलटसुलट करून पाहिलं तर पाठीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. आतल्या पडद्याला श्वास घ्यायला ते लागतं. कानात घालताना 'टिक्' होऊ नये म्हणूनही. पण जिथून आतली हवा बाहेर जाते तिथून बाहेरची घरघरही आत येते. दुकानाच्या वर्णनात या भोकाचा उल्लेख नसतो, आणि मी तर वर्णनं पाठ केली होती.

२३ जून, रविवार. मिक्सर चाचणी

गाडीत प्रयोग करायचे म्हणजे धक्के खात करायचे. म्हणून घरी सोय केली. ओट्यावर मिक्सर, त्यात शेंगदाणे, मी दोन हात लांब. फोनवर सूर काढणाऱ्या ॲपने ५० हर्ट्झचा सूर लावला, पायरी ६. मिक्सर चालू. मग तोंड उघडायचं, मिटायचं, मान डावी-उजवी, एक शेंगदाणा चावायचा.

सिद्ध झालं ते असं: डाव्या कानात सूर अखंड. उजव्या कानात तोंड उघडलं की सूर पडतो, मिटलं की येतो. म्हणजे उजवीकडे बूच पूर्ण बसतच नाहीये, जबडा हलला की फट पडते. आणि फट पडली की सर्वात आधी खर्ज जातो, कितीही महागाचा इअरफोन असो. छोटं रबर उजवीकडे, मधलं डावीकडे, असं करून पाहिलं. उजवा सुधारला! चाळीस वर्षांत मला माझे कान दोन मापांचे आहेत हे माहीत नव्हतं. चपलांचं माहीत होतं.

शेंगदाणा चावल्याचा आवाज मात्र भयंकर. बंद कानात आपलाच जबडा, आपलीच पावलं, आपलाच घास घुमतो. इअरफोन घालून चिवडा खाऊ नये.

यजमान दोनदा हाक मारून गेले म्हणे. तिसऱ्यांदा मिक्सरचं बटण बंद करून म्हणाले, "कूट पुष्कळ झालं, आता पुरे."

१ जुलै

फोमची रबरं आली. बोटात चुरगळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायची, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. गर्दीत दोन्ही हात डोक्यावर नेऊन हे करणं अशक्य. म्हणून फलाटावरच, गाडी येण्याआधी.

पायरी ७! भोक तसंच आहे, इअरफोन तोच आहे, बदललं ते फक्त दीडशे-दोनशे रुपयांचं स्पंजाचं बोंड.

पण तंबोऱ्याचा खर्ज आला आणि जवारीचा झगमगाट गेला. फोम आपल्या अंगात वरच्या पट्टीचं थोडं पिऊन टाकतो. तंबोरा ओल्या दिवशी वाजवल्यासारखा.

८ जुलै

रात्रभर पाऊस. रुळांवर पाणी, गाड्या ठप्प. घरी.

१२ जुलै

उजवी बाजू अचानक निम्मी. वायर हलवली, प्लग पुसला, दुसऱ्या फोनला लावलं, तेच. भिंगातून पाहिलं तर इअरफोनच्या नळीच्या (रबर चढतं ती) तोंडाच्या जाळीवर पाण्याचा पातळ पडदा. कानातली ऊब, बाहेरची ओल. रात्रभर तांदळात... नाही, ते फोनचं. औषधाच्या बाटलीतल्या सिलिकाच्या पुड्या डबीत टाकल्या. सकाळी सुधारलं, संध्याकाळी पुन्हा गेलं. हे पावसाळाभर पुरणार नाही.

१८ जुलै

डबी कोरडी, जाळी स्वच्छ, तरी उजवा बारीक. इअरफोन उलटे घातले, डावा उजवीकडे. तरी उजवाच बारीक! म्हणजे बिघाड इअरफोनमध्ये नाही, माझ्यात.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. मळ. मी महिनाभर रोज दोनदा बूच मारून तो आत ठासत होते. काढल्यावर रस्त्यावरच्या रिक्षेचा हॉर्न इतका लख्ख आला की मी दचकले. डॉक्टर म्हणाले, "काडी, पिन, कापूस, काही घालायचं नाही. रबरं धूत जा, रात्री कानाला मोकळं ठेवा." सिलिकॉन साबणाच्या पाण्याने, फोम नुसत्या ओल्या फडक्याने, स्पिरिट लावायचं नाही, तो झडतो.

१ जुलैपासूनचे उजव्या कानाचे सगळे आकडे बाद. वहीत तिरकी रेघ मारली.

२७ जुलै, शनिवार

ऑफिसातल्या एकांनी त्यांचा एटिमोटिकचा ईआर-२ एसई आठवडाभरासाठी दिला आहे. नवीन रबरं मी आणली, दुसऱ्याच्या कानातलं घालणं जमत नाही.

इअरफोन कसला, लेखणीच्या टोपणाएवढी बारीक नळी. आणि हे आत, अजून आत, अजून थोडं आत जातं. माझ्या मते कान संपतो त्याच्याही पुढे. कंपनी ३५ ते ४२ डेसिबल अडवतो म्हणते. २० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीचा दाब दहावा हिस्सा, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचला.

घरात घातला. पंखा बंद झाला. खरं तर चालू होता.

२९ जुलै

८:०० च्या आसपासची फास्ट, चौथी सीट. पायरी ५. पाच!

मी डोळे मिटून ऐकत होते. मुंब्र्याच्या पुढेमागे कुठेतरी, दोन आवर्तनांच्या मधल्या फटीत, गायक श्वास घेत असताना, मागे डाव्या बाजूचा तंबोरा एकटा सापडला. पहिली तार पंचम नाही. नि. नि, सा, सा, खर्जाचा सा. नि, सा, सा, सा. उजवा पंचमात, डावा निषादात. मी मोठ्याने "निषाद!" म्हटलं असणार, कारण समोरची बाई तिच्या शेजारणीकडे बघायला लागली.

जवारीसुद्धा उघडी होती. फोमने जे पिऊन टाकलं होतं ते सगळं परत.

मग वीस मिनिटांनी उजवा कान ठणकू लागला. दादरला काढला तेव्हा 'फट्' झालं आणि गर्दीचा आवाज बादलीभर पाण्यासारखा अंगावर आला.

३ ऑगस्ट, शनिवार

बाईंना सांगितलं, दुसरा निषादात. "हो," म्हणाल्या. बस. दोन महिने आणि एवढी वही, आणि "हो".

मग त्यांनी तो इअरफोन हातात घेतला, रबराकडे थोड्या संशयाने पाहिलं, आणि एका कानाशी नुसता धरला. म्हणाल्या, "ऐकू येतंय छान. पण अगं, तंबोरा डोक्यात काय करायचाय? तो पाठीमागे हवा. आपण त्याला टेकून गायचं असतं."

हे मला मान्य आहे आणि याला उपाय नाही. इअरफोनमध्ये खोली नसते. उजव्या कानाचं उजव्यालाच, डाव्याचं डाव्यालाच. दोन्ही कानांत थोडंथोडं मिसळून जे अंतर तयार होतं ते नाही. आवाज कपाळाच्या आत बसतो. ऐकायला, अभ्यासाला, मोजायला ठीक, टेकायला नाही. रियाजाच्या वेळी इअरफोन घालायचे नाहीत, असा नियम स्वतःलाच केला.

५ ऑगस्ट

उजव्या कानाने एटिमोटिक नाकारला. छोटं रबर, ओलं करून, हळू, सगळं केलं. माझ्या उजव्या कानाची नळी अरुंद आहे आणि तिला वळण आहे, दोष तिचा. आठवडा संपला, परत दिला.

पण तो जे शिकवून गेला ते कामाचं: इअरफोनची नळी बारीक हवी. माझ्या दोन हजारवाल्याची नळी जाड आहे. तिच्यावर रबर चढवलं की मुळात कानात मावत नाही, मग खोल जाणार कसं. मी एवढे दिवस रबरांचीच मापं बदलत होते. रबराच्या आतली नळी मोजलीच नव्हती.

१२ ऑगस्ट

शूरचा एसई-२१५ घेतला. एकच डायनॅमिक ड्रायव्हर. नळी बारीक, तीन मिलिमीटरच्या आसपास. खोकं कानाच्या वाटीत आडवं बसतं, बाहेर डोकावत नाही. वायर कानावरून मागे जाते आणि गरज पडली तर सुटी होते. सोबत सिलिकॉन आणि फोम दोन्ही. बजेटच्या आत.

कंपनी ३७ डेसिबलपर्यंत अडवतो म्हणते. माझा उजवा कान कंपनीने पाहिलेला नाही, म्हणून तो आकडा वहीत लिहिला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मिक्सर चाचणी: दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झ अखंड, जबडा हलवूनही. शेंगदाण्याचं कूट संपलेलं नसल्याने या वेळी खोबरं.

१३ ऑगस्ट

गाडीत फोमवर पायरी ६. तंबोरे दोन. खर्ज आहे. जवारी झाकलेली, अपेक्षेप्रमाणे. फोमचंच ते.

फोनच्या इक्वलायझरमध्ये वरचा भाग किंचित उचलला. एक घर. दोन घरं उचलली तर हार्मोनियम कर्कश होतो. तंबोऱ्याच्या घोडीवरचं सूत सरकवताना जसं केसभर पुढे गेलं की तार चरचरते आणि केसभर मागे राहिलं की मुकी, तसंच. एका घरावर सूत बसलं.

२० ऑगस्ट

वायर कानावरून घेण्याचं कारण आज कळलं. सवयीने एकदा सरळ खाली सोडली, तर चालताना ओढणी तिला घासली आणि कानात ढगांचा गडगडाट. वायर ही तार आणि बंद कान हा भोपळा. तिला कानावरून फिरवून मागे नेली की भोपळ्यापर्यंत थरथर पोचत नाही.

२९ ऑगस्ट

दादर, संध्याकाळ, उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी. वायर कुणाच्या तरी सॅकच्या चेनमध्ये अडकली. मी एकीकडे, सॅक दुसरीकडे. अर्ध्या क्षणात डावीकडची वायर इअरफोनपासून सुटली, इअरफोन कानातच राहिला, वायर सॅकबरोबर गेली. फलाटावर पळत जाऊन तिच्या मालकिणीला थांबवलं. तिला वाटलं मी पाकीटमार. मग दोघी हसलो. घरी येऊन वायर पुन्हा दाबून बसवली, 'टक्', चालू. न सुटणारी वायर असती तर तुटली असती, नाहीतर कान.

आता वायर कुर्त्याच्या आतून.

३ सप्टेंबर

हे लिहायला हवं. आज ठाण्याला एक बाई मला "उतरायचंय का?" असं तीन वेळा विचारत होत्या, असं शेजारणीने सांगितलं. मी डोळे मिटून विलंबितात. शेवटी त्यांनी मला कोपराने बाजूला केलं आणि जे बोलल्या तेही मला ऐकू आलं नाही. ते बरंच झालं असावं. पण लेडीज डब्यात त्या प्रश्नाला उत्तर न देणं हा गुन्हा आहे, आणि मी तो केला.

नियम ठरवले. रस्त्यावर, जिन्यावर, फलाटाच्या कडेला दोन्ही कान मोकळे. डब्यात शिरून जागा पकडली की दोन्ही बंद. स्टेशन जवळ आलं की उजवा काढायचा, गाडी सुटली की परत. गाडी मध्येच थांबली तर दोन्ही काढायचे, काय चाललंय ते ऐकायचं. एवढं अडवणाऱ्या वस्तूला हे पथ्य लागतंच. हॉर्न हा अडवण्यासारखा आवाज नाही.

फोमला हा काढ-घाल खेळ मानवत नाही. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. म्हणून उजवीकडे छोटं सिलिकॉन, डावीकडे मधला फोम, अशी विजोड जोडी करून पाहिली. उजवा किंचित लख्ख, डावा किंचित मऊ. योगायोगाने निषादाचा तंबोरा डावीकडे आहे, तो जरा मागे सरकतो. बाईंना हवा होता तसा, थोडासा पाठीमागे. (स्वतःची समजूत घालायची माझी पात्रता मोठी आहे.)

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जनाची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ढोल-ताशा. संधी सोडवेना. गॅलरीत उभी राहून दोन्हीकडे फोम, गाणं बंद. ताशा जवळजवळ नाहीसा झाला. झांजा दूरच्या देवळातल्या वाटाव्यात इतक्या लांब गेल्या. ढोल मात्र आहे तिथेच. कारण ढोल कानातून येतच नव्हता, छातीतून, पायाखालच्या लादीतून, हाडांतून येत होता. जगातलं कुठलंही बूच तिथे चालणार नाही.

इअरफोन काढले आणि खाली गेले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

फोमची पहिली जोडी संपली. दोन महिने. पिवळी पडली, चुरगळल्यावर फुगायला पूर्वीच्या तिप्पट वेळ घेते, आणि पायरी नकळत ६ वरून ८ वर सरकली होती. आकडे लिहीत नसते तर कळलंही नसतं. मला वाटलं असतं की ध्वनिमुद्रणच दबलेलं आहे. नव्या जोड्या मागवल्या. वर्षाला पाच-सहा जोड्या धरायच्या, म्हणजे बजेटमध्ये हा खर्च आधीच लिहायला हवा होता. लिहिला नव्हता. दहा हजार ओलांडले, १४० रुपयांनी.

दोन हजारवाला भाच्याने नेला. घरात, कोरड्या हवेत, त्याच्या कानात उत्तम वाजतो म्हणे. त्याचे दोन्ही कान एकाच मापाचे आहेत.

बाईंनी नवीन ध्वनिमुद्रण पाठवलंय, या वेळी गायिका, षड्ज काळी चारचा. खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास. घरघरीच्या जरा वर, सोपं जाईल.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नवा फोम, दोन्ही बाजूंना. खिडकी नाही, दारही नाही, मधल्या पॅसेजमध्ये उभी. पायरी ६. दोन्ही तंबोरे पंचमात. दिव्यापर्यंत स्वच्छ, मुंब्र्यापर्यंत स्वच्छ. कळव्याचा पूल: खर्ज गेला. जोडही गेली. गायिका एकटी उरली. पायरी ६ वरच ठेवली. ठाण्याला परत आला.